खिडकीकडची टेबलं

"पूर्ण नाव सांगा, मामा," संयोगिता मान वर न करता म्हणाली.

"जोतीराम बापू चौगुले," तिचे वडील म्हणाले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

तिनं टॅबवर नाव टाकलं. काम : वाढपी. टेबलं : खिडकीकडची. संयोगिता शाळेत होती तेव्हापासून ती टेबलं त्यांचीच होती.

लग्न ठरताना कुणीतरी सासरी गडमुडशिंगीत सांगून टाकलं होतं, की मुलीचे वडील कोल्हापुरात हॉटेलात मॅनेजर आहेत. कुणी ते खोडलं नाही. तिनंही नाही. बाळ झाल्यावर नवऱ्याच्या मावसभावानं, राजवर्धननं, आपल्या कंपनीत तिला काम दिलं. हॉटेलांत वाढप्यांच्या हाती टॅब द्यायचे, ऑर्डरीची चिठ्ठी योग्य जागी निघेल असं बसवायचं. भाकरीची चिठ्ठी चुलीपाशी, मटणाची भटारखान्यात, सोलकढी-सरबताची पुढच्या काउंटरवर. राजवर्धन लग्नाला नव्हता, त्यानं तिच्या वडिलांना पाहिलेलं नव्हतं. आणि काल कळलं, की पुढचं हॉटेल नेमकं हेच.

रात्री तिनं माहेरी, कोडोलीला वडिलांना फोन लावला, तर बोलणं आबांनीच उरकलं. "मी वळख दावत न्हाय. तू बिनघोर ये. बाळाला कुणापाशी ठेवतीस?"

बिनघोर. त्या शब्दापायी ती रात्रभर कूस बदलत राहिली होती.

आता सगळे वाढपी टॅब धरून उभे होते, दुसऱ्याचं मूल धरावं तसे. आबांनी हळूच विचारलं, "मॅडम, रश्श्याचं कसं करायचं? त्ये गिऱ्हाईक मागत न्हाय. वाटी बघायची आन् वाढायचं."

राजवर्धन मागेच उभा होता. तिनं ऐकलं आणि ऐकलं नाही. "सगळं टॅबवरूनच, मामा. टॅबवर दाबल्याशिवाय काही हलवायचं नाही."

"बरं," आबा म्हणाले.

दुपारी गर्दी उसळली. बाकीच्यांनी घटकाभर टॅब मिरवले आणि मग काखेत मारून रश्श्याच्या बादल्या उचलल्या. एकटे आबा टॅबवर बोट दाबून थांबत होते. पुन्हा दाबत होते. पुन्हा थांबत होते.

"ओ मामा, मटान कोरडंच खायाचं व्हय?" खिडकीकडून एक पावणा ओरडला. "कोल्हापुरात आलोय न्हवं आमी?"

आजूबाजूचे हसले. मालक अमरसिंह गल्ल्यावरून उठून आले. "जोतीमामा, वाट्या कोरड्या पडल्यात. लोकानला रस्सा मागाय लागतोय माझ्या हाटेलात. डोळं कुठं हायती?"

"दाबलंय मालक. येईल की."

संयोगिता पुढच्या काउंटरपाशी उभी होती. तिथल्या यंत्रातून चिठ्ठ्यांची एक लांब शेपटी लोंबत होती, सोलकढीवाल्यानं वाचायचे कष्ट न घेतलेली. तांबडा, पांढरा. पांढरा, तांबडा. प्रत्येकीवर जोतीराम. आधीच्या पंजाबी हॉटेलची मांडणी तिनं जशीच्या तशी उचलली होती, बाळाला मांडीवर पाजता पाजता, एका हातानं. तिथं सूप पुढच्या काउंटरवर बनायचं. इथला रस्सा तिनं सुपाच्या रकान्यात घातला होता.

तिनं चिठ्ठ्या फाडल्या, मुठीत चुरगाळल्या आणि पर्समध्ये कोंबल्या.

"काय झालं गं?" राजवर्धन जवळ आला. "ट्रेनिंग नीट दिलं होतंस ना?"

सगळे तिच्याकडे बघत होते. आबा सोडून. आबा टॅबकडे बघत होते.

"दिलं होतं," ती म्हणाली. "काही काही लोकांना नाही जमत, सर."

मग आबांनी टॅब टेबलावर हलकेच पालथा ठेवला. "व्हय मालक. मॅडमनी समद्यांस्नी सांगिटलं हुतं. मीच इसरलो."

अमरसिंह तसे वाईट नव्हते. पण समोर गिऱ्हाईक होतं. "ऱ्हाऊ दे. आजपास्नं पार्सल बांधा तुम्ही, मागं. मॅडम, खिडकीची टेबलं दुसऱ्याच्या नावावर करा."

तिनं केली. दोनदा बोट लावायचं, एवढंच काम होतं. टॅबनं विचारलं, नक्की काढायचं? तिनं 'होय' दाबलं. मग कुणाच्या लक्षात यायच्या आत रश्श्याची वाट भटारखान्याकडे वळवली. सगळं सुरळीत चालू झालं. राजवर्धन म्हणाला, "छान सांभाळलंस."

कुर्त्याखाली दूध दाटून आलं होतं. घरी बाळ रडत असणार. ओढणी छातीवर ओढून ती मागच्या दारानं निघाली.

मागच्या अंगणात पार्सलचं टेबल होतं. तिथं आबा एकटेच होते. रश्श्याच्या पिशवीला दोऱ्याची गाठ मारत होते, सावकाश, पहिल्यांदा शिकल्यासारखी. तिला बघून त्यांनी टेबलाखालून एक वेगळी पिशवी काढली.

"पांढरा हाय. तिखाट घालू दिलं न्हाय. अंगावर पाजतीस, तर..." ते थांबले. "पाजणारीला बरा असतोय."

तिनं पिशवी घेतली. आजूबाजूला कुणी नव्हतं. एक मांजर होतं, तेही झोपलेलं.

"आबा," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर दाबलं हुतं. माझंच..."

"म्हाईत हाय मला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. ती उभी राहिली. लहानपणी हाक मारायचे तसे 'संयू' म्हणतील म्हणून.

आबांनी पुढची पिशवी उचलली, फुंकर मारून तोंड उघडलं.

"सरळ धरा, मॅडम," ते म्हणाले. "सांडंल."