राउनोने मोजलेली हवा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे आणि मी कुणाला माफ केलेलं नाही. म्हाताऱ्या गाड्यांनी गोड बोलावं, झालं गेलं विसरून जावं, अशी तुमची अपेक्षा असेल तर दुसऱ्या एखाद्या गाडीकडे जा. माझ्या गोष्टीत राउनो नावाचा एक माणूस आहे. त्याचं नाव निघालं की आजही माझं इंजिन चालू न करता गरम होतं.

दक्षिणेला समुद्राकाठच्या एका कारखान्यात मी तयार झाले. तिथून मला आगगाडीवर चढवून वर उत्तरेला पाठवलं, आणि हिर्विवारा गावातल्या आर्वोने मला आपल्या बायकोसाठी घेतलं. तिचं नाव लेम्पी. आमच्याकडे घरं जंगलात लांब लांब विखुरलेली आणि शाळा मात्र एकच, म्हणून मुलांना शाळेत नेण्या-आणण्यासाठी गावसभा एक गाडी ठरवते. ती गाडी मी होते. सकाळी लेम्पीबाई अंगणातल्या खांबावरची विजेची तार माझ्या नाकाला लावून इंजिन गरम करत, काचा खरवडत आणि मग आम्ही निघत असू. ओल्या लोकरीचे हातमोजे, दालचिनीच्या पावाचे चुरे, मागच्या सीटवरची भांडणं, हे सगळं माझ्यात मावत असे. रेनडिअरांचा कळप रस्त्यात उभा राहिला तरी बाई कधी घाईला आल्या नाहीत. आया म्हणत, पोर लेम्पीच्या गाडीत बसलं की घरातच आहे असं समजायचं. हे ऐकलं की माझे दिवे आपोआप उजळायचे, असं मला तरी वाटायचं.

मग आर्वो वारला. त्याचा धाकटा भाऊ राउनो, म्हणजे बाईंचा दीर, गावातलं एकुलतं एक गॅरेज चालवत असे. गॅरेज कसलं, वाफेने तापवलेलं न्हाणीघरच ते. बाहेर झाडं थंडीने तडकत असली तरी आत राउनो साध्या बनियनवर हिंडायचा. त्याला स्वतःच्या उबेचा फार अभिमान होता.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी बाई मला त्याच्याकडे टायर तपासायला घेऊन गेल्या. त्याने मला रात्रभर त्या उबेत ठेवलं आणि सकाळी तिथेच, उबेतच, चारही टायरांतली हवा मोजली. मीटरचा काटा जिथे हवा तिथे आला. बाईंनी विचारलं, बाहेरच्या थंडीचा हिशोब धरून थोडी जास्त भरायला नको का? आर्वो नेहमी बाहेर अंगणात मोजायचा. राउनो हसला. म्हणाला, "वहिनी, आकडा तो आकडा. तू स्टीअरिंग सांभाळ, हवेचं मी बघतो."

मित्रांनो, हवेचं असं असतं की थंडीत ती अंग चोरून बसते. टायरमध्ये ती तेवढीच असते, पण तिचा जोर उतरतो. गॅरेजातून निघून, मुलांना घेत, कडाक्याच्या थंडीत थोडं अंतर गेले आणि माझे पाय लुळे पडू लागले. टायरांना बर्फात रुतणारे खिळे होते, पण मऊ टायरातले खिळे बर्फाला धरणार कसे? तळ्याजवळच्या वळणावर बाईंनी अगदी नेहमीसारखं, हळू वळवलं. मला वळता आलं नाही. मी आडवी गेले आणि खड्ड्यात उतरले. एका मुलीच्या नाकातून रक्त आलं, बाकी सगळे घाबरले, एवढंच झालं. दुसऱ्या एका गाडीने मुलांना आणि बाईंना गावात नेलं.

मी एकटी राहिले. मला ओढून न्यायला राउनो आला. आता नीट ऐका, कारण हे फक्त मी पाहिलं आहे. त्याने माझ्या पुढच्या टायरला मीटर लावलं, काटा पाहिला आणि एक घाण शिवी दिली. मग त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. कुणी नव्हतं. त्याने आपल्या ट्रकवरच्या पंपाची नळी ओढली आणि एकेक करत माझ्या चारही टायरांत हवा भरली. नंतर पोलीस आला, त्याने मोजलं, तर सगळं कसं बरोबर. राउनो शेजारी उभा राहून दुःखी चेहऱ्याने मान हलवत होता. मला तोंड असतं तर मी त्याचा लचका तोडला असता.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. गावकरी जिथे जमतात त्या दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर राउनो सांगू लागला की वहिनीला हल्ली बर्फाचा अंदाज राहिला नाही, भाऊ गेल्यापासून तिचं लक्ष ठिकाणावर नसतं, तिने आता घरी बसून मोजे विणावेत. गावसभेने बाईंचं काम काढून घेतलं. ते राउनोला मिळालं आणि त्याने नवी कोरी व्हॅन आणली. बाई दुकानात जायच्या ते सगळे उठून गेल्यावर. हेही मी सहन केलं असतं. पण एके सकाळी माझ्या काचा खरवडताना त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "मला त्या वळणावर डुलकी लागली होती का गं?"

बाईंना स्वतःवरच संशय येऊ लागला होता. त्या दिवशी मी ठरवलं की राउनोला सोडायचं नाही. कसं, ते मला माहीत नव्हतं. गाडीला हात नसतात. मी फक्त वाट पाहू शकत होते.

दोन हिवाळ्यांनंतर ती सकाळ आली. थंडी अशी होती की श्वास घेतला की नाकातले केस ताठ उभे राहावेत. बाई पाव करायला खमीर आणायचं म्हणून निघाल्या. त्याच तळ्याच्या वळणावर राउनोची नवी कोरी व्हॅन खड्ड्यात नाक खुपसून उभी होती. मुलांना शाळेत सोडून तो रिकामा परतत होता. पुढचा टायर रिंगवरून उतरला होता, धुराची नळी बर्फाने बुजून इंजिन बंद पडलं होतं आणि त्याचा फोन थंडीने मेला होता. राउनो रस्त्यावर पाय आपटत उभा होता आणि त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. त्याने पुन्हा उबेत बसूनच हवा भरली होती, दुसरं काय?

मी मनात म्हणत होते, बाई, थांबू नका, पुढे चला. पण आमच्याकडे थंडीत अडकलेल्या माणसाला ओलांडून कुणी पुढे जात नाही, मग तो कोणीही असो. बाई थांबल्या.

राउनोने धावत येऊन बाईंच्या शेजारच्या सीटच्या दाराची कडी ओढली. दार हललं नाही. बाई दाराच्या रबरांना नेहमी तेल लावत, पण फक्त आपल्या बाजूच्या. बाकीच्या दारांनी आता बसायला कोण येणार होतं? तिथे बसणारी मुलं राउनोने नेली होती. ती रबरं गोठून चिकटली होती, आणि जी चिकटली नव्हती ती मी चिकटवून धरली. बाई आतून खांद्याने रेटत होत्या. राउनोला काचेवरच्या दवातून फक्त त्यांचं डोकं हलताना दिसत होतं, आणि त्याला वाटलं, ही नाही म्हणतेय.

"वहिनी, उघड," तो म्हणाला. बाईंनी आणखी रेटलं. त्याने मागचं दार ओढलं. तेही तसंच. तो काचेवर तळहात ठेवून रडवेला झाला. "कळलं मला. तुला सगळं कळलंय. हो, त्या दिवशी मी हवा भरली. पोलीस यायच्या आधी मीच भरली. टायर मऊ होते, तुझी काही चूक नव्हती. आता तरी उघड."

बाईंनी रेटणं थांबवलं. त्यांना तोवर काहीही कळलेलं नव्हतं. मग खाली उतरल्या, मागे गेल्या आणि डिकी उघडली. तिथे सरपणाच्या ढलप्या होत्या आणि कुत्र्याची जुनी घोंगडी.

"चढ," त्या म्हणाल्या.

राउनो चढला. मी त्याला दुकानापर्यंत एकही खड्डा न चुकवता नेलं. दुकानासमोर बाईंनी मला उलटी वळवून कॉफीच्या टेबलाच्या खिडकीला पाठ करून उभी केली आणि डिकी वर उचलली. आत बसलेल्या सगळ्यांना गुडघे पोटाशी घेतलेला राउनो दिसला, डोक्यावर कुत्र्याचे केस. बाईंनी त्याला आत नेलं आणि सांगितलं, मला सांगितलंस ते यांना सांग. त्याने सांगितलं. पहिल्यांदा हळू सांगितलं, म्हणून बाईंनी पुन्हा सांगायला लावलं.

मग वेइक्को उठला. नाकातून रक्त आलेल्या मुलीचा तो बाप, आणि बाईंविरुद्ध गावसभेत सगळ्यात आधी बोललेला माणूस. त्याने आपली खुर्ची पुढे केली आणि कॉफी घ्या म्हणाला.

"कॉफी नको," बाई म्हणाल्या. "सोमवारी सकाळी पोरांना रस्त्याच्या कडेला उभं करा. मी येतेय. गावसभेला काय कळवायचं ते तुम्हीच कळवा."

राउनोने खालच्या आवाजात विचारलं, मला माझ्या गाडीपर्यंत परत सोडशील का?

"थंडीत कुणाला टाकून जायचं नाही, म्हणून आणलं," बाई म्हणाल्या. "इथे शेगडी आहे."

सोमवारी मुलं उभी होती. चौघांना मी आता लहान पडत होते, पाय लांब झाले होते त्यांचे. बाईंनी सगळ्या दारांना तेल लावलं होतं.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर तिच्या टायरांतली हवा ती जिथे धावते तिथल्या गारठ्यात मोजा, उबेत नव्हे. चूक झाली तर त्याच दिवशी कबूल करा, दुसऱ्याच्या माथी मारू नका. आणि गाडीला बोलता येत नाही, म्हणून तिच्यासमोर काहीही करावं असं समजू नका. आम्ही बघत असतो. आम्हाला घाई नसते. हिवाळा दरवर्षी येतो.