कोंडीबा फौजींचं रक्त

डॉक्टर उमा दातारांना हल्ली भरदिवसा स्वप्नात वावरल्यासारखं व्हायचं. सांगलीच्या प्रयोगशाळेतलं शीतकपाट उघडलं की पांढरी वाफ पायांवर उतरायची आणि त्या वाफेतून इवल्याशा नळ्यांवरची गावं हळूहळू वर यायची. पलूस, कोरेगाव, वडूज. तीस वर्षं त्यांनी काविळीच्या विषाणूंवरल्या औषधांच्या चाचण्या केल्या. कितीतरी माणसं बारा आठवडे गोळ्या घेऊन ठणठणीत झाली. या कपाटात होती ती त्याआधीची, औषधाची वाट न पाहता गेलेली. पुढं कधीतरी तपासता येईल म्हणून त्यांच्याच परवानगीनं जपलेलं थोडं थोडं रक्त.

निवृत्तीला चार महिने उरले, तेव्हा बाईंनी ते सगळं तपासायला घेतलं. एका नळीचा निकाल पाहून त्या खुर्चीत बसूनच राहिल्या. वडूजजवळचे कोंडीबा फौजी. हिपॅटायटिस सी.

कोंडीबा त्यांचे अगदी सुरुवातीचे पेशंट. पोटात पाणी झालेलं, डोळे हळदीसारखे. "बाई, मी थेंबाला शिवत न्हाई," असं ते दर फेरीला सांगायचे आणि वॉर्डातली माणसं गालात हसायची. फौजी गडी, महिन्याला कँटीनमधून रमच्या बाटल्या आणतो, आणि म्हणे पीत नाही! खुद्द उमाबाईंनीही केसपेपरवर 'मद्यपान' लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या निघाल्या. मायणीच्या तलावावर धुकं होतं. पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं सुरू होतं, कळत नव्हतं. गाडी रस्त्यावरून जातेय की त्या पांढऱ्यावरून तरंगतेय, असं त्यांना वाटत राहिलं.

कोंडीबांची बायको राहीबाई अंगणात मटकी निवडत होती. बाईंनी शेजारी बसून सांगितलं, "राहीबाई, फौजी दारूनं गेले नाहीत. नोकरीत अपघात झाला तेव्हा त्यांना रक्त चढवलं होतं ना, बहुतेक त्यातून विषाणू आला. तेव्हा त्याचं नावही जगात कुणाला ठाऊक नव्हतं."

राहीबाईची बोटं मटकीत थांबली.

"बाटल्या दोस्तांना वाटायचे त्ये. मला सांगायचे, पर म्या कवा ऐकलंच न्हाई. शेवटाला माझ्या डोक्यावर हात ठिवून आण घेतली. म्या त्यो हात झटकला, बाई."

"मीही विश्वास ठेवला नव्हता," उमाबाई म्हणाल्या.

मग राहीबाईनं विचारलं, "पर आता कसं कळलं तुमास्नी?"

"त्यांचं थोडं रक्त गोठवून ठेवलंय."

"म्हंजी, अजून हाय?"

"आहे. बोटाच्या पेराएवढं."

राहीबाई दूर माळाकडं बघत म्हणाली, "त्यास्नी थंडी लय सोसत न्हवती."

निघताना बाईंनी राहीबाईचंही रक्त घेतलं. त्यात काही निघालं नाही. निकाल घ्यायला आठ दिवसांनी राहीबाई स्वतःच एसटीनं सांगलीला आली आणि कागद पिशवीत टाकून म्हणाली, "मला दावा."

बाईंनी कपाट उघडलं. वाफ दोघींच्या पायांभोवती पसरली. राहीबाईनं पदर नीट केला, नळीकडं डोळे लावले आणि दारात उभ्या माणसाशी बोलावं तशी हलकेच म्हणाली, "आवं, माझंच चुकलं."

नंतर दोघी बाहेर चिंचेखाली बसून भाकरी-ठेचा खाऊ लागल्या. फौजी रजेवर यायचे तेव्हा डोक्यावर ट्रंक घेऊन वडुजापासून चालत, मोठमोठ्यानं गात यायचे, राहीबाई सांगत होती. आवाज असा बेसूर, की गावची कुत्री पार वेशीपर्यंत सामोरी जायची.

"कुठलं गाणं?" उमाबाईंनी विचारलं. या माणसाच्या यकृताची एकूणएक नोंद त्यांच्याकडं होती; तो गायचा, हे त्या आज पहिल्यांदा ऐकत होत्या.

"शबूद न्हाई ध्यानात," राहीबाई म्हणाली, आणि घास हातात तसाच धरून तिनं चाल गुणगुणायला घेतली.