मानेवरच्या दोन थापा

पहाटेच्या धुक्यात तबेला असा दिसत होता, जणू कुणाला तो अजून नीट आठवलाच नव्हता. दारं अर्धीमुर्धी, घोडे म्हणजे नुसते श्वास. ताई घोडीच्या अंगावरून ब्रश फिरवत होती आणि ब्रशबरोबर तिचे स्वतःचे डोळेही मिटत होते.

"उभ्या उभ्या झोपलीस का?"

तिचा धाकटा भाऊ, जॉकी. अंगाने इतका किरकोळ की आई त्याला पावशेर म्हणायची. मैदानावरही तेच नाव चिकटलं.

"तुझ्यापायी रात्रभर डोळ्याला डोळा नाही," ती म्हणाली.

परवा शर्यत जिंकल्यावर पावशेरने घोडीच्या मानेवर फाडफाड दोन थापा मारल्या. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. संध्याकाळपर्यंत सगळे म्हणू लागले, जिंकून दिलं तरी मारतो, कसाई मेला. कोपऱ्यावरच्या दुकानदारानेही साखर देताना तोंड फिरवलं. आज दुपारी रेसक्लबच्या अध्यक्षांसमोर चौकशी होती. घोडी सांभाळणारी ताईच, त्यामुळे त्याचं लायसन्स तिच्या शब्दावर अडलं होतं.

"तू एवढंच सांग, ही शाबासकी होती. घोडीला कळतं. सगळेच जॉकी करतात."

"तिला विचारलंस कधी?"

"घोडीला?"

"मग काय मला? दे थाप. नेहमीसारखी."

त्याने दिली. धुक्यात आवाज घुमला. घोडीचे कान मागे गेले, कातडी वाऱ्यातल्या पाण्यासारखी थरथरली. पापणी लवावी एवढाच वेळ. जिंकल्याच्या धुंदीत त्याला ते कधी दिसलंच नव्हतं.

ताईने त्याचा हात धरून आयाळ संपते तिथे नेला. "इथे खाजव. घोड्या एकमेकींचे लाड असेच करतात, दातांनी."

तो खाजवू लागला. घोडीची मान हळूहळू लांबली, खालचा ओठ लोंबला, डोळे अर्धे मिटले. धुकं तिच्याच अंगातून निघतंय असं वाटू लागलं. पावशेरही तिच्याबरोबर डुलत होता.

"मला वाटायचं, आमचं दोघांचं गूळपीठ आहे."

"आहेच की. हात तेवढा अडाणी तुझा."

तो खाजवतच राहिला. "मग दुपारी काय सांगशील?"

रात्रभर घोळवलेलं खोटं तिच्या जिभेवर तयार होतं. घोडीकडे बघता बघता ते विरघळलं. "मारलं नाहीस, हे छातीठोक सांगेन. तिला आवडतं, असं नाही सांगवणार."

"लायसन्स जाईल."

"जाईलही."

"थांब. थापांचं मीच सांगतो." त्याने नाक ओढलं. "फक्त ती खाजवायची जागा नीट दाखवून ठेव. तिथे करून दाखवायला घोडी नसणार."

"मग काय, अध्यक्षांना खाजवणार आहेस?"

"चालतील," तो गंभीरपणे म्हणाला.

ताईला हसू फुटणार, एवढ्यात घोडीने पेंगत आपलं जड डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं. तो वाकला, पण हलला नाही. ताईने ब्रश हळूच खाली ठेवला.