संपतराव गप्प झाले तेव्हा

मी एक जुनी, जागची न हलणारी सायकल आहे. मित्रांनो, हसू नका. मला एकच जड चाक आहे, आणि आयुष्यभर फिरूनही मी बडोद्याच्या अकोटा भागातल्या या प्रयोगशाळेच्या आवाराबाहेर गेले नाही. व्यायाम करताना माणसाच्या शरीरात काय होते, हे इथे तपासतात.

कारखान्यात माझा सांगाडा जोडला गेला, तेव्हा वाटले होते, आता बडोद्याचे रस्ते बघायचे. बघितले ते पाय. कुणाचे लटपटणारे, कुणाचे उगाच घाईचे. पायडलवर पाय पडला की मला माणूस कळायचा. पुढे संशोधन करणाऱ्या निरुपमाताई आल्या आणि त्यांनी माझ्या दांडीवर चकचकीत पडदा बसवला. तो किती उंच असला की मान अवघडत नाही, त्यावर काय दिसले की हुरूप येतो, हे त्यांना शोधायचे होते. जो तो पडद्याचेच कौतुक करू लागला. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

पडद्यावर आधीच्या माणसाचा वेगही दिसे. तिथेच घोटाळा झाला. एके दिवशी श्रीपतराव माझ्यावरून उतरले आणि संपतराव चढले. श्रीपतराव म्हणजे संपतरावांच्या लेकीचे सासरे. संपतरावांचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते, आणि हे ते भेटेल त्याला ऐकवत. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना बेताचाच व्यायाम सांगितला होता. पण समोर व्याह्यांचा आकडा होता.

"निरुपमाबेन, आज बघाच," ते म्हणाले. "मुलीकडचे म्हणून आम्ही किती वर्षं मागे राहायचं?"

त्यांनी जोर लावला. त्यांचे पाय थरथरत होते, ते मला कळत होते, पण मला कुठे तोंड आहे? घामाने छातीवरचा नाडी मोजणारा पट्टा सरकला होता आणि पडद्यावर नाडीचा मघाचाच आकडा दिसत होता. निरुपमाताई तोच बघत होत्या.

कोपऱ्यात खंडेराव मार्केटमधल्या भाजीची पिशवी घेऊन संपतरावांच्या पत्नी गंगाबाई बसल्या होत्या. त्या एकदम उठल्या.

"बेन, यांना थांबवा."

"काकू, आकडा तर बराबर आहे."

"आकड्याचं राहू दे. हे गप्प झालेत. हा माणूस झोपेतसुद्धा बोलतो."

निरुपमाताईंनी मान वर केली. संपतरावांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना उतरवले, आडवे केले, डॉक्टर धावत आले. बऱ्याच वेळाने संपतरावांचे ओठ हलले.

"व्याह्यांच्या पुढे गेलो का?"

गंगाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि मग त्यांना चांगलेच फैलावर घेतले.

त्याच दिवशी दुसऱ्याचा वेग पडद्यावरून काढला गेला. आता इथे पायडल मारणाऱ्याने समोरच्याशी बोलत राहायचे, बोलणे तुटले की वेग कमी करायचा, अशी रीत आहे.

आज आत नवे यंत्र आले आहे आणि मी बाहेरच्या पडवीत उभी आहे. माझ्यावर पिशव्या आणि हेल्मेटे टांगतात. पायडल गंजले आहे. कुणी थेंबभर तेल घातले तर बरे वाटेल.

संपतराव अजून येतात. माझ्या दांडीला पिशवी अडकवून आत जातात, आणि दारातून घोडदळाची तीच गोष्ट ऐकू येते. गंगाबाई मधूनमधून "हं" म्हणतात. गोष्ट चालू असेपर्यंत मी निवांत असते. मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी असे व्यायाम करत असेल, तर जवळ बसा. गोष्ट मध्येच थांबली, तर पडद्याकडे मागाहून बघा, आधी माणसाकडे बघा.