बसलेला आवाज

अमृतनानांचा फोन आला तेव्हा त्यांची गाडी एरंडोलला चहाला थांबली होती. आणि 'तुमचा अँप्लिफायर कानात दाभण खुपसतो' हे नवऱ्याला, भूपेंद्रला, सांगायचं धाडस दिपमालाला अजून झालं नव्हतं.

अमृतनाना म्हणजे धुळ्याचे निवृत्त तबलामास्तर. अँप्लिफायर बनवायला देताना भूपेंद्रला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "भाऊ, मला दणका नको. बाई समोर बसून गातेय असं वाटलं पाहिजे." झालं! रावेर-चोपड्याच्या लग्नांत डीजेच्या भिंतीपुढे उभं राहण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्या माणसाकडे पहिल्यांदाच कुणीतरी साधा, खरा आवाज मागितला होता. जळगावच्या घराच्या मागच्या खोलीत त्याने ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या हाताने गुंडाळला. एका गुणाचे ट्रान्झिस्टर मिळावेत म्हणून डबाभर तपासून बाजूला काढले. जेवायला हाका मारून मारून दिपमालाचाच घसा बसायची वेळ आली.

माप म्हणून त्याच्याकडे आई होती, भागाबाई. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसली की रात्रीच्या गाण्यांना गल्लीतल्या बाया आधी तिला बोलवायच्या. आईने एक ओळ गायची, त्याने ती रेकॉर्ड करून लगेच वाजवायची. दोन्ही सारख्या वाटल्या की अँप्लिफायर खरा. पद्धत चोख होती. पण आषाढात एके दिवशी त्याने मान हलवली.

"आई, तुझा आवाज बसला गं. वरचा सूर विझलाय. आता तुझ्यावर मापून चालायचं नाही."

"वय व्हयनं, बेटा," म्हातारी म्हणाली. मग श्रावणात कानबाईला बोलवायला आलेल्या बायांना तिने घसा दुखतो सांगून परत धाडलं.

भूपेंद्रने मग आठवणीतल्या आईवर अँप्लिफायर जुळवायला घेतला. फीडबॅकमध्ये एक जास्तीची जोडणी करून तो वरचे सूर उचलत गेला. आवाज मोजायच्या स्कोपवरची रेषा आधी सपाट, म्हणजे बिनचूक होती. ती एका टोकाला वर चढली. दिपमालाने विचारलं तर म्हणाला, "सपाट रेषा म्हणजे मेलेला आवाज. मीटरला कुठे कान असतात?"

आणि इकडे स्वयंपाकघरात कुणी नाही असं बघून सासू मेथी निवडता निवडता गुणगुणायची, तर तिचा सूर नव्या पितळी भांड्यासारखा लखलखायचा. दिपमालाला वाटे, नवरा आणि आपण, दोघांपैकी एकाचं काहीतरी चुकतंय, आणि ते आपलंच असावं.

आज सकाळी लाइट गेली आणि इन्व्हर्टर बारीक आवाजात केकाटायला लागला. भूपेंद्र त्याला मांडी टेकून बसला होता.

"अहो, ती शिट्टी बंद करा ना!"

"कसली शिट्टी?" त्याने अगदी मनापासून विचारलं.

तेव्हापासून तिच्या हाताला काम सुचत नव्हतं. आता एरंडोलचा फोन आला आणि ती मागच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"आईंना एक ओळ गायला लावा. आणि ती जास्तीची जोडणी काढा."

"डोकं फिरलंय का? नाना येतील आता."

"येतील. भला माणूस आहे, छान आहे म्हणतील. आणि घरी नेऊन त्याच्यावर टेबलक्लॉथ घालून फुलदाणी ठेवतील."

"तुला काय कळतं यातलं?"

"यातलं नाही कळत. सकाळी इन्व्हर्टर तुमच्या मांडीला लागून ओरडत होता, एवढं कळतं."

त्याने इन्व्हर्टरकडे पाहिलं. मग सोल्डरिंगची कांडी तापवली आणि जोडणी काढली.

भागाबाई पदराला हात पुसत आली. "माले कसाले बलावतस? मना आवाज तं बसी गया ना."

"गा, आई."

ती गायली. त्याने वाजवलं. पुन्हा गायली, पुन्हा वाजवलं. भूपेंद्रने स्पीकरच्या कापडावर तळहात ठेवला.

"सारखेच आहेत," तो म्हणाला. "दोन्ही सारखेच विझलेले."

"विझलेले नाहीत," दिपमाला हळूच म्हणाली.

भागाबाई एकदा मुलाच्या तोंडाकडे, एकदा सुनेच्या तोंडाकडे पाहत राहिली. "मंग मना आवाज शे? गया नही?"

"शे, आई," तो तिच्याच बोलीत म्हणाला. "तुना आवाज शे. मना कान गयात."

म्हातारीला आनंद झाला होता आणि त्याचीच तिला लाज वाटत असावी. लहानपणी त्याचा कान ठणकायचा तेव्हा ठेवायची तसा तिने मेथीच्या वासाचा हात त्याच्या कानावर ठेवला. त्याने तो काढला नाही.

नाना आले. पाणीसुद्धा न पिता बसले आणि भागाबाईचं रेकॉर्डिंग ऐकताना त्यांची बोटं मांडीवर चालायला लागली. "बाई समोर बसलीय, भाऊ," ते डोळे मिटूनच म्हणाले. बाई खरोखरच समोर बसली होती, आणि पदर तोंडाला लावून हसत होती.

भूपेंद्र मात्र ना नानांकडे बघत होता, ना स्पीकरकडे. आवाज कसा येतोय हे तो दिपमालाच्या तोंडावर शोधत होता. आणि ती, त्याला लांबूनही दिसावं म्हणून जरा जास्तच, मान डोलावत राहिली.