तळहातावरची साडेसाती

वर्तकनगरातल्या त्या सोसायटीच्या गच्चीवर सकाळपासून मुंगी शिरायला जागा नव्हती. अडाणी माणसं असती तर मी समजू शकलो असतो. पण रांगेत एमएस्सी, पीएचडी झालेली पोरं आणि त्यांचे आईबाप. किळस आली मला.

किरणमहाराज आधी मिठाच्या पाण्याने हात धुवायला लावायचे, मग तळहातावर तीर्थ शिंपडायचे. "धर उन्हात. नोकरीच्या आड येणारी साडेसाती सूर्यनारायण वर काढेल."

थोड्या वेळात हात तपकिरी पडायचे, मग काळे. महाराजांच्या मठात राहून 'शुद्धी' केलेल्यांना तीर्थ दुसऱ्या कलशातून मिळायचं; त्यांचे हात मात्र स्वच्छ राहायचे.

माझी बहीण नंदा लेकीला घेऊन आली होती, आणि मला ओढून. कृतिकाची पीएचडी प्रकाशरसायनातली, म्हणजे उजेडाने पदार्थ कसे बदलतात त्यातली. या विषयात जागा निघतच नाहीत. निघाल्या तर कंत्राटी. त्याच दुपारी मुंबईत एका कायम जागेची मुलाखत होती, आणि पोरीचा हात काळा झाला.

"आज जायचं नाही," महाराज म्हणाले. "गेलीस तर वाट कायमची बंद."

नंदा रडायला लागली. "ऐक ना गं, पुढच्या वेळी जाऊ."

"पुढची जागा कधी निघेल, आई?"

माझं टाळकं सरकलं. "अगं, उजेडावर पीएचडी केलीस ना? अक्कल काय गहाण टाकलीस?"

कृतिका हाताकडे बघत राहिली. मग तिने रुमाल मिठाच्या पाण्यात भिजवून पिळला, त्यावर महाराजांच्या कलशातलं तीर्थ ओतलं, आईच्या पर्समधला प्लॅस्टिकचा कंगवा वर ठेवला आणि रुमाल कठड्यावर उन्हात पसरला. शिष्य धावून आला, तसा मी आडवा उभा राहिलो.

थोड्या वेळाने तिने कंगवा उचलला. रुमाल काळपट, आणि मधोमध, ऊन न लागलेल्या जागी, दातांसकट कंगव्याचा पांढरा ठसा.

"रुमालाला कुठली नोकरी हवी होती, महाराज? हे सिल्व्हर नायट्रेट आहे. मिठाशी मिळालं की उन्हात काळं पडतं. शुद्धीवाल्यांचा कलश वेगळा, त्यात साधं पाणी."

मिठाच्या पाण्याने हात धुऊन त्या दुसऱ्या कलशातलं पाणी मी हातावर घेतलं आणि हात उन्हात धरला. काही झालं नाही, आणि मी कसलीही शुद्धी केलेली नव्हती. महाराज 'कलियुग, कलियुग' पुटपुटत जिना उतरले.

एवढं होऊनही एक शिकलेला बाप शिष्याला विचारत होता, "आमच्या मुलाला तेवढं दुसऱ्या कलशातलं द्याल का?" थुंकावंसं वाटलं.

नंदाने डोळे पुसले. "चल, उशीर होईल."

कृतिकाला ती जागा मिळाली नाही. शेजारणी म्हणाल्या, "बघा, महाराज बोललेले." अहो, एका जागेला पन्नास लायक पोरं आली की बाकीची रिकाम्या हाताने घरी येणारच. त्यात शनीचा काय संबंध? जागा वर्षानुवर्षं रिकाम्या का ठेवता, हे ज्यांनी भरायच्या त्यांना जाऊन विचारा. भोंदूपुढे तळहात पसरलात, तर त्या जागा रिकाम्याच राहतील.