पंधरवड्याची हवा

माणूस श्वास आत घेतो तेव्हा माझ्या काचेच्या नळीतलं पाणी चढतं आणि श्वास सोडला की उतरतं. दोहोंत साधारण चार सेंटिमीटरांचं अंतर पडतं, म्हणजे बोटाच्या दीड पेराएवढं. पाणी असं हलत असेल तर सुई योग्य जागी आहे असं समजायचं. हलत नसेल तर हवा सोडायची नाही.

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. क्षयाच्या रोग्याच्या छातीत हवा भरणं हे माझं काम. तुम्हाला वाटेल, छातीत हवा तर असतेच, ती भरायची कशाला? सांगते. हात मोडला तर फळ्या बांधून त्याला विश्रांती देतात. पण फुप्फुस सतत हलत असतं, त्याला फळी कशी बांधणार? म्हणून बरगड्या आणि फुप्फुस यांच्यामध्ये सुईने थोडी हवा सोडायची. त्या हवेच्या दाबाने फुप्फुस आक्रसतं, पडून राहतं आणि त्याला पडलेलं छिद्र हळूहळू मिटतं. सोडलेली हवा शरीर पंधरवड्यात शोषून टाकतं, म्हणून दर पंधरवड्याला ती पुन्हा भरायची. असं दोन-तीन वर्षं. यात खाडा चालत नाही. खाडा झाला की फुप्फुस पुन्हा फुगतं आणि छातीच्या भिंतीला चिकटतं. एकदा चिकटलं की मध्ये हवेला जागा उरत नाही.

माझ्या बाटल्या, नळ्या आणि तोटी विलायतेच्या. युद्धाच्या आदल्या वर्षी मी बोटीने आले, पण प्रवासात माझं लाकूड तडकलं. मग मिरजेच्या एका तंबोरे करणाऱ्या कारागिराने तुणीच्या लाकडाची नवी पेटी करून दिली. ती वाजवून बघत तो म्हणाला, "लाकूड झकास हाय. पर डॉक्टरसाहेब, हिला भोपळा न्हाई, तारा न्हाईत. ही गाणार कशी?"

"ही गात नाही, ऐकते," डॉक्टर म्हणाले.

हे डॉक्टर म्हणजे सुकुमार मगदूम, सांगलीजवळच्या एका जैन शेतकऱ्याचा मुलगा. कृष्णाकाठच्या एका लहानशा संस्थानाच्या दवाखान्यात ते नोकरीला होते. संस्थान एवढं लहान की सकाळी एका वेशीतून निघालेली बैलगाडी न्याहारीला दुसऱ्या वेशीबाहेर. पण छातीत हवा भरण्याची सोय तिथे होती आणि रोगी लांबलांबून येत. डॉक्टर सुई धरत. नर्स शालूबाई माझ्या तोटीवर हात ठेवून पाण्याचे आकडे मोठ्याने वाचत. शालूबाई लोणंदच्या, मिरजेला शिकून आलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. एकदा डॉक्टरांना महिनाभर हिवतापाने धरलं तेव्हा ते शेजारच्या खाटेवर पडून सांगत गेले आणि सुई शालूबाईंनी धरली. त्या महिन्यात माझं पाणी एकदाही अडलं नाही.

माझ्या रोग्यांपैकी एक होती बनुबाई. वय बावीस. नवरा ज्योतिबा पलटणीत. तीन वर्षांची मुलगी आजोळी ठेवलेली, कारण थुंकीत जंतू असण्याची किंवा पुन्हा येण्याची भीती असेपर्यंत लेकराला जवळ घ्यायचं नाही. हवा भरायच्या दिवशी मुलीला घेऊन आजी दवाखान्याच्या फाटकाशी उभी राही आणि बनुबाई ओसरीवरून हात हलवी. मी सांगते त्या वेळेच्या पाच महिने आधी तिची थुंकी स्वच्छ झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, "आणखी दीड वर्ष हवा न चुकता भरू. मग पोरीला खुशाल मांडीवर घ्या."

सन सेहेचाळीसच्या ज्येष्ठात दरबाराने एक मोठी गोष्ट केली. छातीच्या रोगांचं खास शिक्षण घेण्यासाठी डॉक्टरांना अठरा महिने विलायतेत वेल्सला पाठवायचं. खर्च संस्थानाचा. बदल्यात परत आल्यावर डॉक्टरांनी दहा वर्षं याच दवाखान्यात नोकरी करायची. तसा करारनामा माझ्या शेजारच्या टेबलावर झाला. डॉक्टरांचे वडील नेमिनाथअण्णा जामीन राहायला आले होते.

कारभारी नाथाजीराव खुशीत होते. "दहा वर्षं, अण्णा! लग्नाची गाठसुद्धा एवढी पक्की नसते."

"लग्नात मुलगी बघायला तरी मिळती," अण्णा म्हणाले, आणि सगळे हसले.

हसले नाहीत ते फक्त डॉक्टर. ते नववं कलम वाचत होते: यंत्र व त्यासंबंधीचे सर्व काम करारबद्ध डॉक्टरांखेरीज कोणीही हाताळू नये. "रावसाहेब, मी नसताना हवा कोण भरणार? शालूबाईंना परवानगी लिहून द्या. त्यांना येतं."

"येतं हो. पण सुई रक्ताच्या नळीत गेली तर माणूस जागच्या जागी जातो, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"सांगितलं. ती भीती माझ्या हातातही आहे."

"आणि दुसरं असं, की नर्सबाईंनाच जमतंय म्हटल्यावर दरबारात विचारतील, मग डॉक्टरला सातासमुद्रापार कशाला धाडला? विचार करू. तुम्ही सही करा."

युद्ध नुकतंच संपलेलं. बोटीवर जागा मिळणं कठीण, ती मिळाली होती. वडील बघत होते. डॉक्टरांनी सही केली. मला त्यांचा राग येत नाही, पण ती सही मी पाहिली आहे.

भाद्रपदात त्यांनी बनुबाईला शेवटची हवा भरली आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली कारभाऱ्यांकडे. मला काही होऊ नये म्हणून कपाटावर पडदा टाकला, आणि रोज सकाळी शिपाई हरिबा बाहेरून काच पुसू लागला.

पंधराव्या दिवशी बनुबाई आली आणि बाकावर बसून परत गेली. तिसाव्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी शेतकरी नांगर पुजतो, शिपाई बंदूक पुजतो. कारभाऱ्यांनी माझी पूजा केली. कपाट उघडलं, माझ्या लाकडाला हळदकुंकू लावलं, तोटीत झेंडूचं फूल खोवलं. एवढा मान मला कधीच मिळाला नव्हता. तीन हातांवर बनुबाई उभी होती.

शालूबाई म्हणाल्या, "रावसाहेब, कपाट उघडलंच आहे. चार आठवडे झाले. आज भरू द्या."

"अहो, पुजलेलं हत्यार आज उचलत नाहीत. आणि कलम आहे. मी विचार करतोय, बाई."

कुलूप पुन्हा लागलं. झेंडू आतच राहिला आणि वाळला. रबराची नळी वापरात असली की मऊ राहते. माझ्या नळीला वळणाशी बारीक भेगा पडू लागल्या. मला ओरडता येत नव्हतं. यंत्राला आपली उपयोगाची वेळ कळते, हात मात्र दुसऱ्याचेच लागतात.

दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरांचं पत्र आलं. शालूबाईंनी ते उघडलं आणि माझ्या कपाटासमोर उभं राहून दोनदा वाचलं. "येथे मी रोज पाहतो आहे. चार आठवड्यांचा खाडा कसाबसा सावरतो. सहा आठवड्यांनंतर जागा उघडी राहिल्याचे येथील एकाही शिक्षकाच्या पाहण्यात नाही. कारभाऱ्यांनाही लिहिले आहे. तुम्ही भरा. जाताना हे लेखी घेतल्याशिवाय मी निघायला नको होते." तेव्हा सातवा आठवडा चालू होता.

त्या पत्र घेऊन कचेरीत गेल्या आणि तशाच परत आल्या. "काय म्हणाले?" हरिबाने विचारलं. "सण झाल्यावर दरबारात ठेवतो म्हणाले," एवढंच बोलून त्या रबरी हातमोजे पावडर लावून घडी करत बसल्या. हातमोजे कोणी वापरले नव्हते, तरी.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर पडदा नको, हळदकुंकू नको. माझ्यातलं पाणी बदला, रबर हाताळा, आणि एक डॉक्टर शिकायला पाठवलात तर मागे राहिलेल्या हातांना काम करू द्या. कुलपात मी वर्षानुवर्षं नवी दिसेन. पण माझं आयुष्य मला कपाटात घालवायचं नव्हतं.

नवव्या आठवड्यात ज्योतिबा रजेवर आला. बैलगाडीतून बनुबाईला घेऊन आला, येताना शालूबाईंना नव्या गुळाचा खडा आणला. कारभारी दवाखान्याच्या तपासणीला आलेले. ज्योतिबाने सरळ त्यांना गाठलं.

"साहेब, पलटणीत कप्तान पडला तर हवालदार मोर्चा सांभाळतो. मोर्च्याला कुलूप घालून कुणी घरी जात न्हाई."

"ज्योतिबा, हे काय युद्ध आहे?"

"माझ्या घरात हाय."

बनुबाई मध्येच म्हणाली, "आवं, उगा तंटा कशाला? मला आता लय बरं वाटतंय. पायऱ्या चढले तरी दम न्हाई लागला. आधी एकीकडनंच वारं यायचं, आता दोनी अंगानं येतंय बगा." ती हसत होती.

"ऐका!" कारभाऱ्यांना हायसं वाटलं. "हवेवाचूनच बरी झाली."

शालूबाईंनी छाती तपासायची नळी कानाला लावली. बनुबाईच्या पाठीवर डावीकडे वरून खाली पाच ठिकाणी टेकवली, प्रत्येक ठिकाणी तीन श्वास मोजले. मग बोटाने ठोकून पाहिलं. तपासणीसाठी पडदा सारलेला होता, त्यामुळे कपाटाच्या काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. आता सुई घातली तरी माझं पाणी हललं नसतं, हे त्यांच्या कानाला कळलं होतं.

"रावसाहेब, या बाजूला श्वास ऐकू यायला नको होता. तो येतोय, म्हणून हिला बरं वाटतंय. फुप्फुस पुरतं फुगलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे छिद्रही ताणलं जाणार."

बनुबाईचं हसू तिथेच थांबलं. "म्हंजी बाई, पोरगीला अजून लांबूनच बगायचं?"

ज्योतिबा फाटकाकडे बघत राहिला. तिथे आजी मुलीला कडेवर घेऊन उभी होती आणि मुलगी आतल्या सगळ्यांना हात हलवत होती.

कारभाऱ्यांनी डॉक्टरांचं त्यांना आलेलं पत्र खिशातून काढलं. ते कित्येकदा उघडून मिटलेलं दिसत होतं. त्यांनी ते वाचलं नाही, नुसतं हातात धरलं. मग दुसऱ्या खिशातून किल्ली काढून शालूबाईंपुढे केली. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की हरिबाही पुढे सरकून ऐकू लागला.

"माझा विचार झाला, बाई. हवा तुम्ही भरा."